भारतीय होण्यासाठी मराठी चालते: फलटण, कासेगाव आणि नागरिकत्वाची भाषेची अट

भारताचा नागरिक होऊ इच्छिणाऱ्या परदेशी माणसाला इंग्रजीचा काहीही उपयोग होत नाही, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? १९५५ च्या नागरिकत्व कायद्याला एक तिसरी अनुसूची जोडलेली आहे. देशीयकरणाने, म्हणजे अर्ज करून आणि पात्रता सिद्ध करून, नागरिक होण्याच्या अटी तिच्यात दिल्या आहेत. त्यांतली एक अट अशी : अर्जदाराला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एखाद्या भाषेचे पुरेसे ज्ञान असले पाहिजे. आठव्या अनुसूचीत मराठी आहे, कन्नड आहे, तमिळ आहे, संस्कृतसुद्धा आहे. इंग्रजी नाही. दिल्लीतल्या सचिवालयात ज्या भाषेत अर्धा कारभार चालतो, ती भाषा कितीही उत्तम येत असली तरी या एका अटीपुरती ती बिनकामाची ठरते. उलट हिंदीचा एक शब्द न येता, केवळ मराठीच्या बळावर परदेशी मनुष्य ही अट पूर्ण करू शकतो.

हे केवळ कागदावरचे नाही. कराड मध्यभागी धरले, तर ईशान्येला सातारा जिल्ह्यातच फलटण आहे आणि दक्षिणेला महामार्गावर, आज सांगली जिल्ह्यात असलेले, वाळवा तालुक्यातले कासेगाव आहे. या दोन्ही ठिकाणी अमेरिकेत जन्मलेली एकेक विदुषी येऊन स्थायिक झाली, मराठीत रुळली आणि अमेरिकेचे नागरिकत्व सोडून भारताची नागरिक झाली. फलटणच्या मॅक्सीन बर्नसन १९७८ साली, कासेगावच्या गेल ऑम्व्हेट १९८३ साली. आजचा धागा त्यांच्या निमित्ताने आहे. परंतु त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधी भाषेची परीक्षा ही चीज आपल्याकडे कुठून आली, ते पाहावे लागेल. धागा लांबणार आहे, सवडीने वाचावा.

आपल्या मुलखात भाषेची परीक्षा प्रथम दिली ती राज्यकर्त्यांनी. पेशवाई गेल्यावर मुंबई इलाख्यात आलेल्या इंग्रज अधिकाऱ्याला रयतेची भाषा शिकणे भाग होते. साताऱ्याला किंवा पुण्याला नेमलेल्या साहेबाने मुन्शी अथवा पंतोजी ठेवायचा, मोडी आणि बाळबोध अक्षरे गिरवायची, फिर्यादीचा कागद वाचून दाखवायचा, आणि ठराविक परीक्षा उतरल्यावरच त्याची बढती सुकर व्हायची. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्यामागे ही प्रशासकीय निकड होती. अमेरिकन मराठी मिशनचे पाद्रीही मराठी शिकूनच उपदेशाला बाहेर पडत. पुढे स्वराज्य आले तरी ही परंपरा तुटली नाही. आजही महाराष्ट्र शासनाच्या सेवेतील अमराठी अधिकाऱ्यांसाठी मराठीची परीक्षा असते आणि ती घेणाऱ्या मंडळाचे नाव मोठे मौजेचे आहे : एतदर्थ मंडळ.

या परीक्षेत नापास झालेल्या साहेबाची बढती लांबे, पण त्याला कोणी बोटीत बसवून परत पाठवीत नसे. भाषेची परीक्षा माणसाला दारातूनच परतवण्यासाठी वापरावी, ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत निघाली, आणि ती निघाली मुख्यतः हिंदी माणसाला रोखण्यासाठी.

नाताळ वसाहतीला हिंदी व्यापारी नको होते. पण 'हिंदी माणसाला प्रवेश नाही' असे कायद्यात लिहिले असते तर लंडनची पंचाईत झाली असती. कारण हिंदी माणूस राणीचा प्रजाजन होता आणि साम्राज्यात सर्व प्रजाजन समान, असे निदान बोलले तरी जात होते. १८९७ साली नाताळने तोडगा काढला. वसाहतीत येणाऱ्याने एखाद्या युरोपीय भाषेच्या लिपीत अर्ज लिहून दाखवावा. कायद्यात वंशाचा उल्लेख नाही, धर्माचा नाही, हिंदुस्थानचाही नाही. काठेवाडी व्यापारी गुजरातीत पिढ्यान्‌पिढ्या चोख हिशेब लिहीत असला तरी कायद्याच्या दृष्टीने तो निरक्षर! त्याच वर्षाच्या जानेवारीत दरबानच्या बंदरावर उतरलेल्या मोहनदास गांधींना गोऱ्या जमावाने मारहाण केली होती. वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांना नाताळची युक्ती इतकी पसंत पडली की, इतर वसाहतींनीही ती उचलावी अशी शिफारस त्यांनी केली.

ऑस्ट्रेलियाने ती उचलली आणि तिला धार लावली. १९०१ च्या कायद्यानुसार अधिकाऱ्याने पन्नास शब्दांचा उतारा युरोपीय भाषेत वाचायचा आणि आगंतुकाने तो लिहून दाखवायचा. भाषा कोणती, हे ठरवण्याचा अधिकार अधिकाऱ्याचा. इंग्रजी येणारा आला तर फ्रेंच काढायची, फ्रेंच येणारा आला तर आणखी कोणती तरी. १९०९ नंतर ही परीक्षा एकही जण उत्तीर्ण झाला नाही. १९३४ साली एगॉन किश नावाचा बहुभाषी पत्रकार तिथे पोहोचला. त्याला बऱ्याच युरोपीय भाषा येत असल्याने सरकारने त्याची परीक्षा चक्क स्कॉटलंडच्या गेलिकमध्ये घेतली. तो नापास झाला, प्रकरण तिथल्या उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने सरकारची पद्धत बेकायदा ठरवली. तरीही श्रुतलेखनाची ही परीक्षा कायद्यातून जायला १९५८ साल उजाडावे लागले. परीक्षा नापास करण्याच्याच हेतूने घेतली जाते तेव्हा अभ्यासाचा प्रश्नच उरत नाही.

अमेरिकेत गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. १९०६ च्या कायद्याने नागरिक होऊ पाहणाऱ्याला इंग्रजी बोलता येणे आवश्यक ठरले. १९१७ साली प्रवेशासाठी साक्षरतेची अट आली. तीस-चाळीस शब्द कोणत्याही भाषेत वाचून दाखवले की पुरे. पण हिंदी माणसाला ही सवलत उपयोगाची नव्हती. त्याच कायद्याने आशियाच्या मोठ्या भूभागावर सरसकट बंदी घातली होती आणि हिंदुस्थान त्यात येत होता. आणि जे आधीच तिथे पोहोचले होते त्यांच्यापुढे भाषेहून उंच भिंत होती. नागरिकत्व 'गोऱ्या व्यक्तींना' आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच खुले होते. भगतसिंग थिंड हे अमेरिकी सैन्यात काम केलेले गृहस्थ. १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते 'गोरे' नाहीत असा निकाल दिला, आणि मग आधी नागरिकत्व मिळालेल्या अनेक हिंदी लोकांचे नागरिकत्व काढून घेण्याची मोहीम सुरू झाली.

थिंड यांच्या वकिलांपैकी एकाचे नाव आपल्या कानाला अगदी घरचे वाटेल : सखाराम गणेश पंडित. ते १९१४ साली कॅलिफोर्नियात अमेरिकेचे नागरिक झाले होते आणि पुढे तिथेच वकिली करू लागले. थिंड हरल्यावर सरकारने पंडितांच्याही नागरिकत्वावर दावा लावला. पंडितांनी बचाव केला तो वंशशास्त्राच्या वादात न शिरता. १९१४ साली सक्षम न्यायालयाने दिलेला निकाल सरकारने तेव्हा आव्हान न देता मान्य केला. आता तो उकरून काढता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा. १९२६ साली अपील न्यायालयाने तो मान्य केला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज ऐकण्यास नकार दिला. पंडित नागरिक राहिले आणि ती मोहीम बरीचशी थंडावली. इंग्रजी त्यांना उत्तम येत होती, कायदा त्यांना त्यांच्यावर खटला भरणाऱ्यांइतकाच कळत होता. तरी 'तुम्ही आमचे आहात का' या प्रश्नाच्या उत्तरात त्यातले काहीच मोजले गेले नाही. या खटल्यावर मराठीत एक स्वतंत्र पुस्तक व्हायला हवे, असे मला नेहमी वाटते.

या काळात बायकांची स्थिती आणखी विचित्र होती. १९२२ च्या कायद्याने परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे नागरिकत्व सामान्यतः शाबूत राहू लागले, परंतु नवरा नागरिकत्वास अपात्र वंशाचा असेल तर ते जात असे. थिंड निकालानंतर हिंदी नवरा त्या वर्गात मोडला. तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी दास जन्माने अमेरिकन. त्या अशा रीतीने आपल्याच देशात परक्या झाल्या. ही तरतूद १९३१ साली गेली. हिंदी माणसाला अमेरिकेचे नागरिकत्व पुन्हा खुले झाले ते १९४६ साली, आणि तेव्हाही वर्षाला शंभर जणांना प्रवेश एवढ्या कोट्यासकट.

आता हिंदुस्थानकडे वळू. थिंड निकालानंतर तीनच वर्षांनी, १९२६ साली, इथे देशीयकरणाचा नवा कायदा झाला. ज्या देशात हिंदी माणसाला नागरिक होण्यास बंदी आहे, तिथल्या माणसाला इथे ती वाट खुली नाही, हे तत्त्व त्यात आले. त्याच कायद्यात अर्जदाराला देशातील एखाद्या प्रमुख देशी भाषेचे पुरेसे ज्ञान हवे, ही अटही होती. राज्य इंग्रजांचे, कायद्याचा मजकूर इंग्रजी, आणि तरी अट देशी भाषेची. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. स्वतंत्र भारताने १९५५ साली कायदा केला तेव्हा ही दोन्ही तत्त्वे उचलली, मात्र 'प्रमुख देशी भाषा' या शब्दांच्या जागी आठवी अनुसूची आली.

दरम्यान घटना तयार झाली होती. नागरिकत्वाच्या कलमांनी मसुदा समितीला किती डोकेदुखी दिली, हे डॉ. आंबेडकरांनी ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत बोलून दाखवले होते. फाळणीमुळे लाखो माणसे सीमेच्या इकडून तिकडे जात असताना नागरिक कोण, हे शब्दांत पकडणे सोपे नव्हते. घटना समितीने घटना लागू होण्याच्या क्षणी नागरिक कोण, एवढेच ठरवले आणि पुढचे काम संसदेवर सोपवले. जन्म, अधिवास, आईबाप यांच्या आधारे कोट्यवधी लोक एका रात्रीत नागरिक झाले; त्यांना कोणी भाषा विचारली नाही. १९५१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता सुमारे १८ टक्के होती. त्याआधीच्या १९३५ च्या कायद्यात मताचा अधिकार मालमत्ता, कर, शिक्षण यांच्याशी बांधलेला होता. तो दोर घटनेने कापला. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत काळ्या मतदारांना अडवण्यासाठी साक्षरतेची चाचणी १९६५ पर्यंत वापरात होती, हे लक्षात घेतले म्हणजे १९५२ च्या निवडणुकीत मतपत्रिका घेणाऱ्या आपल्या आजी-पणजीचे मोल कळते.

परदेशी अर्जदारासाठी मात्र १९५५ च्या कायद्याने पायऱ्या घातल्या. अर्जाआधीचे सलग बारा महिने भारतात वास्तव्य, त्याआधीच्या सात वर्षांत मिळून किमान चार वर्षे वास्तव्य, सच्छील वर्तन, आधीच्या देशाच्या नागरिकत्वाचा त्याग, आणि एक भारतीय भाषा. विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, विश्वशांती किंवा मानवाची प्रगती यांसाठी विशेष सेवा केलेल्या व्यक्तीला केंद्र सरकार या सर्व अटींतून सूट देऊ शकते, असाही परिच्छेद आहे. 'पुरेसे ज्ञान' म्हणजे किती, याची व्याख्या मात्र कायद्याने केली नाही. परीक्षा मंडळ नाही, प्रश्नपत्रिका नाही. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून राज्य शासनामार्फत केंद्रीय गृहमंत्रालयाकडे. (कराडचे यशवंतराव चव्हाण १९६६ ते १९७० या काळात याच खात्याचे मंत्री होते.) भाषेबद्दल प्रमाणपत्र जोडायचे, चारित्र्याबद्दल ओळखीच्या भारतीयांची प्रतिज्ञापत्रे जोडायची, आणि वर्तमानपत्रात आपल्या इराद्याची जाहिरात द्यायची, म्हणजे कोणाची हरकत असेल तर ती पुढे यावी, अशी साधारण रीत.

फलटणची गोष्ट इथे सुरू होते. मॅक्सीन बर्नसन १९६१ साली भारतात आल्या आणि १९६६ साली भाषाविज्ञानाच्या संशोधनासाठी फलटणला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासाठी त्यांनी निवडलेला विषय म्हणजे फलटणची बोलली जाणारी मराठी : जात, शिक्षण, सामाजिक स्थान यांप्रमाणे एकाच गावातली मराठी कशी बदलते. 'होतं' म्हणणारे कोण आणि 'व्हतं' म्हणणारे कोण. 'आहे' कुठे आणि 'हाय' कुठे. ज्या फरकावरून शाळेत मुलाला हसले जाते, तो फरक शास्त्रीय नोंदीचा विषय झाला. पुढे त्यांनी इरावती कर्वे यांच्या कन्या, लेखिका जाई निंबकर यांच्यासह परभाषकांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके लिहिली. जगभरच्या विद्यापीठांत मराठी शिकणारे कित्येक विद्यार्थी त्या पुस्तकांतूनच आपल्या भाषेत शिरले. कायद्याने त्यांच्याकडून मराठीचे 'पुरेसे ज्ञान' अपेक्षावे, यात थोडी गंमत आहेच.

१९७८ साली त्या भारताच्या नागरिक झाल्या आणि फलटणमध्येच राहिल्या. दलित आणि गरीब वस्त्यांतली मुले वाचायला का शिकत नाहीत, या प्रश्नाने त्यांना पछाडले. प्रगत शिक्षण संस्था त्यातून उभी राहिली आणि तिची शाळा, कमला निंबकर बालभवन. शाळेला ज्यांचे नाव आहे त्या कमलाबाई निंबकरही जन्माने अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. भारतात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू करण्याचे श्रेय त्यांना जाते. फलटणच्या मुलांनी बर्नसन यांना 'मॅक्सीन मावशी' केले. नाते असे जोडले गेले की शासनाच्या प्रमाणपत्राची गरज केवळ कागदापुरतीच उरते, आणि तरी तो कागद लागतोच : त्याशिवाय मत देता येत नाही, आणि दर काही काळाने परदेशी नागरिक म्हणून नोंदणीच्या खिडकीपुढे उभे राहणे सुटत नाही.

आता दक्षिणेला. गेल ऑम्व्हेट यांचा जन्म २ ऑगस्ट १९४१ चा, मिनियापोलिसचा. १९६० च्या दशकात त्या प्रथम भारतात आल्या; पुढे बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डॉक्टरेटसाठी त्यांनी पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळ हा विषय घेतला. तो प्रबंध 'कल्चरल रिव्होल्ट इन अ कलोनियल सोसायटी' या नावाने १९७६ साली पुस्तकरूपाने आला. महात्मा फुल्यांपासून १९३० पर्यंतचा हा पट इंग्रजी साधनांतून उलगडत नाही. सत्यशोधकांची पत्रके, जलशांची पदे, 'दीनमित्र'सारखी पत्रे, सगळे मराठीत; आणि त्या चळवळीचा एक मोठा आधार सातारा जिल्ह्यातला शेतकरी. म्हणजे विषयानेच त्यांना मराठीकडे आणि साताऱ्याकडे ओढले.

१९७६ साली त्यांनी डॉ. भारत पाटणकर यांच्याशी विवाह केला आणि कासेगाव त्यांचे घर झाले. हे घर साधे नव्हते. सासू इंदुताई पाटणकर आणि सासरे बाबूजी पाटणकर, दोघेही प्रतिसरकारच्या लढ्यातले. १९४३ पासून नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली साताऱ्याच्या खेड्यांनी इंग्रजांची कोर्टे बाजूला सारून आपली न्यायदान मंडळे चालवली, तुफान सेना उभी केली. (तेव्हा वाळवा, तासगाव, खानापूर हे सारे सातारा जिल्ह्यातच होते, दक्षिण सातारा १९४९ साली वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले.) आपण कोणाचे प्रजाजन नाही, हे ज्या पिढीने सरकारी कागदाविना ठरवले, त्या पिढीच्या घरात ही अमेरिकन सून आली. तिने त्याच प्रतिसरकारवर पुढे अभ्यासपूर्ण निबंधही लिहिला. हयात असलेल्या सैनिकांशी बोलायचे तर मराठी हवी, आणि तीही वाळव्याची मराठी समजायला हवी.

१९८३ साली ऑम्व्हेट भारताच्या नागरिक झाल्या. इथे कायद्यातला एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण पुष्कळ लेखांत दोन वाटांची गल्लत होते. देशीयकरणाची वाट एक, आणि नोंदणीची वाट दुसरी. १९५५ च्या मूळ कायद्यात भारतीय नागरिकाशी विवाह केलेल्या स्त्रीला नोंदणीने नागरिक होता येत असे, आणि नोंदणीच्या वाटेवर भाषेची अट नव्हती. भारतीय पत्नी असलेल्या परदेशी पुरुषाला मात्र ही सोय नव्हती. त्याने रीतसर देशीयकरणाच्या पायऱ्या चढायच्या, भाषेसकट. कायद्याचे गृहीत उघड आहे. बाई नवऱ्याच्या घरी आली की घराची झाली; तिला वेगळे विचारायचे काय? पुरुष मात्र परका तो परकाच, त्याची परीक्षा घ्या. वरवर स्त्रीला झुकते माप, आणि आत 'सासर तेच कूळ' ही जुनी समजूत. १९८६ च्या दुरुस्तीने 'स्त्रिया' हा शब्द जाऊन तिथे 'व्यक्ती' आली आणि सोबत पाच वर्षांच्या वास्तव्याची अट. त्याच दुरुस्तीने देशीयकरणासाठी लागणारे एकूण वास्तव्य पाचावरून दहा वर्षांवर गेले. २००३ साली ते बारा झाले आणि विवाहाच्या वाटेवरचे पाचाचे सात. दार तेच राहिले, ओसरी लांबत गेली.

ऑम्व्हेट यांनी आपले आडनाव टाकले नाही. लेखन त्याच नावाने, बहुतांशी इंग्रजीत. गावात आणि मोर्चात शलाका हे मराठी नावही होते. श्रमिक मुक्ती दलाच्या स्थापनेत त्या होत्या. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी बांधलेल्या बळीराजा धरणाच्या लढ्यात, परित्यक्ता स्त्रियांच्या चळवळीत, धरणग्रस्तांच्या आंदोलनात पाटणकर कुटुंबाबरोबर त्या उभ्या होत्या. तुकोबांच्या अभंगांचे पती-पत्नींनी मिळून केलेले इंग्रजी भाषांतर २०१२ साली प्रसिद्ध झाले. जात आणि शेतीअर्थव्यवस्था यांबद्दलची त्यांची मते अनेकांना पटली नाहीत. उजव्यांना नाही आणि डाव्यांतल्याही बऱ्याच जणांना नाही. नागरिक म्हणून वाद घालण्याचा हक्क त्यांनी पुरेपूर वापरला. २५ ऑगस्ट २०२१ रोजी त्या कासेगावातच गेल्या.

या दोघींनी काय सोडले, तेही मोजले पाहिजे. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. त्यामुळे १९७८ किंवा १९८३ साली भारतीय होणे म्हणजे अमेरिकेचा पासपोर्ट परत करणे, आणि मग आईवडिलांच्या गावी जायचे तर इतर कोणाही भारतीयाप्रमाणे व्हिसाच्या रांगेत उभे राहणे. त्याच दशकात आपल्याकडची हुशार मुले, साताऱ्या-सांगलीचीही, नेमका उलटा प्रवास करत होती. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेचे दार उघडले होते आणि इंग्रजीची व नागरिकशास्त्राची चाचणी देऊन ती मुले तिकडचे नागरिक होत होती. जिथे सखाराम पंडितांना वंशावरून कोर्टात खेचले गेले, तिथे त्यांच्या नातवंडांच्या वयाची मराठी माणसे प्रश्नोत्तरांची पुस्तिका पाठ करून उजवा हात वर करून शपथ घेत होती.

आजची युरोपातली चित्रे पाहा. ब्रिटनमध्ये २००५ पासून 'लाइफ इन द यूके' चाचणी आहे : २४ प्रश्न, १८ बरोबर हवेत, वर इंग्रजीचा पुरावा. जर्मनीत ३३ प्रश्न, १७ बरोबर हवेत, आणि जर्मन भाषा बी-वन पातळीची. पुण्यातल्या जर्मनच्या वर्गांत बसलेली आपली मुले ही बी-वन पातळी नोकरीच्या आशेने गाठतात, आणि पुढे तीच पातळी नागरिकत्वाच्या अर्जालाही लागते. हे देश एकच भाषा विचारतात, आणि ती पातळी मोजून विचारतात. भारताची रीत दोन्ही बाबतींत निराळी आहे. भाषा बावीसपैकी कोणतीही, आणि पातळी अव्याख्यात.

यात उणेही आहे. अव्याख्यात अट म्हणजे अधिकाऱ्याच्या मर्जीला वाव. आणि बावीस हा आकडाही काही दैवी नाही. १९५० साली यादीत चौदाच भाषा होत्या. सिंधी १९६७ साली आली; म्हणजे सिंधी निर्वासित आपल्या शहरांत वसून वीस वर्षे होत आली, तेव्हा कुठे त्यांची भाषा या यादीत बसली. त्यांचे नागरिकत्व घटनेच्या वेगळ्या कलमाने आलेले होते म्हणून निभावले. कोकणी आली १९९२ साली. त्याआधी मडगावात आयुष्य काढून अस्खलित कोकणी बोलणाऱ्या परदेशी पाद्र्याला या अटीसाठी दुसरी भाषा दाखवावी लागली असती. तुळू आणि गोंडी आजही बाहेर आहेत. जन्माने नागरिक असणाऱ्याला याची झळ लागत नाही. बाहेरून येणाऱ्याने कोणत्या भारतीयांशी बोलायला शिकावे, हे मात्र ती यादी ठरवते.

विषय निघालाच आहे म्हणून आपल्याच भागातली एक जोडगोष्ट. खानापूर, आटपाडी, विटा या दुष्काळी पट्ट्यातले गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या तमिळनाडू, केरळ, आंध्रपासून ईशान्येपर्यंत पसरले आहेत. परगावच्या सराफकट्ट्यावर बसून ते तिथली भाषा शिकतात, त्यांची मुले तिथल्या शाळांत जातात, आणि यात्रेला सगळे गावी परततात. भारतात नागरिकत्व एकच, राज्याचे वेगळे नाही, म्हणून कोइमतूरला दुकान थाटायला त्यांना तमिळची परीक्षा द्यावी लागली नाही. भाषा ते शिकले ती गिऱ्हाइकासाठी. आणि विट्याच्या त्या माणसाची तमिळ कोणत्या पातळीची, हे आजवर कोणी मोजलेले नाही.

फलटणच्या अभ्यासाकडे शेवटी पुन्हा जावेसे वाटते, कारण तिथे कळीचा प्रश्न आहे. 'मराठीचे पुरेसे ज्ञान' म्हणजे कोणत्या मराठीचे? कायद्याने लेखी परीक्षा ठेवली असती तर ती पुस्तकी मराठीची झाली असती, आणि 'म्या गेलतो' म्हणणारा अर्जदार नापास झाला असता. मग त्याच्या शेजारी राहणारा, तशीच भाषा बोलणारा फलटणकर जन्माने नागरिक असला तरी. २०१९ च्या दुरुस्ती कायद्यासाठी २०२४ साली जे नियम झाले, त्यांत भाषेची अट अर्जदाराच्या स्वतःच्या घोषणापत्रावर भागते. त्या दुरुस्तीवरचे राजकीय वाद आपण सारे जाणतो. ते इथे उगाळत नाही. पण भाषेबद्दलचे त्या नियमांतले वाक्य वाचण्यासारखे आहे. अर्जदाराला ती भाषा बोलता येत असेल, किंवा वाचता येत असेल, किंवा लिहिता येत असेल, तर त्याचे ज्ञान पुरेसे समजावे, असा त्याचा आशय आहे. दोन्ही ठिकाणी 'किंवा' आहे, 'आणि' नाही. नाताळच्या १८९७ च्या कायद्यात लिहिता येणे हीच सारी परीक्षा होती.